शंभराला सोळा

सेडूनाच्या वजनकाट्यावर
गाडी आणि मागची कॅराव्हॅन चढवली,
अकरा किलो जास्त भरले.
उतरवली, पुन्हा चढवली. पुन्हा अकरा.

चाळीस वर्षं गव्हाचे ट्रक हाकले मी.
माणूस विसरतो, काटा खोटं बोलत नाही.
घरून निघताना एकेक जिन्नस तोलला होता:
बिडाचा तवा नको, हलका घे.
सहा खुर्च्या कशाला, तिथं कोण येणार आहे?
छपरावरची सायकल काढली, ती वाऱ्याशी भांडते.
पाण्याची एक टाकी कोरडी,
चाकांतली हवा पहाटेच्या गारव्यात मोजलेली.
ग्लेनिस म्हणाली, "उद्या माझी कवळी तोलशील."

ताशी शंभरनं गेलो तर शंभर किलोमीटरला वीस लिटर,
नव्वदनं सतरा,
पंच्याऐंशीनं सोळा.
वही चष्म्याच्या घराशेजारी असते.
पेनाँगच्या पवनचक्क्या मागे पडल्या
आणि पुढच्या प्रत्येक पंपावर डिझेलचा भाव
चढत गेला, तापातल्या पाऱ्यासारखा.
मागून तीन-तीन ट्रेलरचे ट्रक येतात,
मी रेडिओवर सांगतो,
"जा बाबांनो पुढे, माझा पाय म्हातारा आहे."
त्यांचा वारा कॅराव्हॅनला आधी ढकलतो, मग ओढतो,
मग परत सगळं सपाट.
या माळाच्या नावाचा अर्थच मुळी
झाड नाही.

हद्दीवरच्या तपासनिसानं
मधाची बरणी आणि चार कांदे काढून घेतले.
ग्लेनिस हळहळली.
मी मनात दीड किलो वजा केले.

युक्लाला ती एकटीच समुद्राकडे गेली
तेव्हा मी पलंगाखालचा कप्पा उघडला.
तळाशी माझेच लोकरीचे मोजे, गाठी मारलेले,
प्रत्येकात एक दगड.
दगडावर चिकटपट्टी, चिकटपट्टीवर तिचं बारीक अक्षर:
पोर्ट फेअरी, मंगळवार.
रोब, धुकं.
स्ट्रीकी बे. हा दिवसभर बोलला नाही.

गाठी होत्या तशा मारून ठेवल्या.
ती आली, कोटाचा एक खिसा
दुसऱ्यापेक्षा खाली लोंबत होता.
मी काचेवरचे किडे पुसत राहिलो.

मुंड्राबिल्लाच्या पंपावर डार्सी नावाचा पोरगा
झिजक्या पान्यानं एका बोल्टशी झगडत होता.
माझ्या वडिलांची पान्यांची पेटी त्याला देऊन टाकली.
सातच किलो भरली ती.
उरलेल्या चारांसाठी मी दुपारचा केक सोडला,
तीन दिवस.

मदुराचा चढ संपला आणि पश्चिमेचा वारा
सरळ छातीवर आला.
तेवीस लिटर. मग चोवीस.
गाडी रागावल्यासारखी खालच्या गिअरमध्ये,
आणि मी वही उघडायची सोडून दिली.
"थांब," ती म्हणाली,
"वारा काही आपलं देणं लागत नाही."

रस्त्याकडेच्या झुडपांआड दोन दिवस.
रात्री कॅराव्हॅन नांगरलेल्या होडीसारखी डुलायची.
पत्ते खेळलो. ती लबाडी करते, मला पहिल्यापासून माहीत आहे.
मग कशावरून तरी माझ्या पहिल्या ट्रकची गोष्ट निघाली,
त्याचं दार दोरीनं बांधावं लागे ती,
आणि ती संपेपर्यंत दिवा लावायची वेळ झाली.

पहिल्या दिवसापुढे मी लिहिलं: शून्य.
एवढा चांगला आकडा या वहीत कधी पडला नव्हता.
दुसऱ्या दिवसापुढे पाहतो तर तिचं अक्षर:
डिझेल शून्य. चहा नऊ कप. हा बोलला.

पहाटे वारा पडला.
मी चाकांची हवा बघत होतो,
ती झुडपातून आली, मूठ मिटलेली नव्हती या वेळी.
ओबडधोबड चुनखडी, लाटेनं कधी न शिवलेली.
"किती भरेल रे?"

तळहातावर घेतला. अर्धा किलो, वर शंभर ग्रॅम,
चाळीस वर्षांचा हात आहे, चुकत नाही.

"काही नाही गं," म्हणालो,
"पिसासारखा आहे."